स्लामेतान म्हणजे कंदुरी म्हणायचं का?

जावातल्या खेड्यांवरचा एक लेख मराठीत करतेय. तिथे बाळंतपण, सुंता, मयत, नवीन घर, कशालाही 'स्लामेतान' घालतात. पूजा लिहू का? पण लोक तर मुसलमान आहेत.

— पूजा नको हो, मूर्ती नाही आरती नाही. शेजारपाजारचे पुरुष चटईवर बसतात, यजमान एकदम अदबीच्या जावानीजमध्ये कारण सांगतो, त्यात पैगंबरांचं नाव येतं आणि गावाची राखण करणाऱ्या 'दान्यांग'चंही, धूप जळत असतो, मग मोदिन (म्हणजे मुअज्जिनच) अरबी दुआ म्हणतो, सगळे आमिन करतात आणि चार घास खाऊन बाकीचं केळीच्या पानात बांधून घरी नेतात. त्या पुडीला 'बर्कत', आपली बरकतच ती. भुताखेतांनी वास खायचा, माणसांनी भात! आणि स्लामेत म्हणजे सलामत, मूळ अरबीच. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ १९५०च्या दशकात पूर्व जावात राहिला होता, त्याला लोकांनी अर्थ सांगितला 'गाक अना अपा-अपा', काही नाही. म्हणजे कुणाला काही होऊ नये, बस.

— मग कंदुरी बसेल की. तिकडे स्लामेतानला 'कंदुरेन' पण म्हणतात, फारसीतून आपल्याकडे आला तोच शब्द.

— शब्द तोच पण आपल्याकडे कंदुरी म्हटलं की पीर, नवस आणि बोकड डोळ्यापुढे येतो. तिकडे नवसाचं असतं कधीकधी, पण मेल्यावर ३, ७, ४०, १००, १००० दिवसांनी घालतात ते काय नवसाचं?

— आणि रमजानच्या आधीच्या महिन्यात कबरी साफ करून जेवण घालतात त्याला 'न्याद्रान', हा श्राद्धवरून आलाय असं मानतात. म्हणजे वरून मुसलमान, आतून हिंदूच ना?

— हे मात्र लेखात घालू नका प्लीज. स्लामेतान घालणारा स्वतःला मुसलमानच म्हणवतो, दुआशिवाय त्याचं जेवण पुरं होत नाही. कर्मठ 'सांत्री' लोकांपैकी काहींना दान्यांग वगैरे खटकतं, पण तो त्यांचा घरातला वाद आहे, आपण बाहेरून निकाल कशाला द्यायचा. मी असतो तर स्लामेतान तसंच ठेवलं असतं, पहिल्यांदा येईल तिथे 'सलामतीचं जेवण' एवढं जोडायचं. दान्यांगला खुशाल राखणदार लिहा, कोकण-गोव्यातल्या वाचकाला तळटीप लागणार नाही.