आधी अख्खं पत्र एका बैठकीत वाचा

बायबलमधलं एखादं पुस्तक वाचायला ‘रोज एक अध्याय, महिन्याभरात पुस्तक पूर्ण’ असा एक सल्ला असतो. शिस्त म्हणून ठीक आहे, पण सुरुवात तिथून नको. अध्याय तेराव्या शतकात पाडले, नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातले, वचनांचे आकडे तर 1551 सालचे. त्यातलंच फिलिप्पैकरांस पत्र घ्या, येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं. त्याचा चौथा अध्याय ‘म्हणून’ने सुरू होतो, कशाचं म्हणून, ते तिसऱ्याच्या शेवटी! तिथे थांबून झोपलात तर दुसऱ्या दिवशी धागा कुठला सापडायला? चार अध्याय, 104 वचनं, मोठ्याने वाचली तरी चहा गार होत नाही. आधी तीन-चार दिवस तेवढंच करा, पेन्सिलीच्या खुणा नंतर.

आणखी एक, आम्हा बेळगावकडच्यांच्या सोयीचं. आमच्या घरच्या प्रार्थनेला खानापूरकडचे मराठी आणि बैलहोंगलकडचे कन्नड, दोन्ही असतात, म्हणून दोन्ही बायबलं उघडी असतात. याच पत्रात 4:4 ला, म्हणजे चौथ्या अध्यायाच्या चौथ्या वचनाला, मराठीत ‘आनंद करा’, कन्नडमध्ये ‘संतोषिसिरि’. मी मनात म्हटलं, संतोष म्हणजे आहे त्यात समाधान. शेजारच्या अक्का हसल्या, ‘अहो, आमच्यात संतोष म्हणजे खुशी!’ मग त्याच अध्यायातलं अकरावं वचन काढलं, समाधानाची गोष्ट खरी तिथे आहे. पौल ते ‘शिकलो’ म्हणतो, तेही कैदेतून. त्या रात्री पुढे सरकलोच नाही, जेवण साडेदहाला. दुसरी भाषा मोडकीतोडकी येत असली तरी चालते, उलट अडखळल्यामुळेच शब्द दिसतो.