मदत हवी आहे: एनर्जी चार्टर ट्रीटी सोडली तरी दावा चालतो?

आम्स्टेलकाठ: परवा सेमिनार आहे आणि गाडी इथेच अडलीय. ही ट्रीटी (ऊर्जा क्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार) सोडलेल्या देशावर परदेशी कंपनी नंतरही लवादात दावा लावू शकते का? बाहेर पडण्याबद्दलचं कलम ४७ वाचलंय, तेच परत चिकटवू नका. लवकर सांगा प्लीज.

कातळशिल्प: देश कुठला, कंपनी कुठली? काहीच लिहिलं नाहीत.

तर्कट: लावू शकते. देश बाहेर पडला तरी आधीच्या गुंतवणुकीला २० वर्षं संरक्षण राहतं. इटली २०१६ च्या सुरुवातीला बाहेर पडली. २०१७ मध्ये रॉकहॉपर या ब्रिटिश तेल कंपनीने दावा लावला, २०२२ मध्ये जिंकलीसुद्धा.

सौदामिनी: अर्धंच सांगताय. तो निवाडा जून २०२५ मध्ये रद्द झाला. आणि युरोपीय युनियनच्या न्यायालयाच्या २०२१ च्या कोमस्ट्रॉय निकालानंतर युनियनमधल्या कंपनीने युनियनमधल्याच देशावर असा दावा लावणं युनियनच्या कायद्यात बसत नाही.

तर्कट: रद्द झाला तो लवादाच्या रचनेतल्या दोषामुळे. २० वर्षांच्या कलमाला धक्का लागलेला नाही. कोमस्ट्रॉय तर बहुतेक लवाद मानतच नाहीत.

सौदामिनी: लवाद मानत नसतील, पण युनियनमधल्या न्यायालयात वसुलीला गेल्यावर मानावंच लागतं!

गुहागरवाला: दाभोळचा वीज प्रकल्प विसरलात का सगळे? भारत या ट्रीटीत नाही, तरी बेक्टेल आणि जीई या अमेरिकन कंपन्या भारत-मॉरिशस गुंतवणूक करारातून लवादात गेल्या. आम्ही ते सगळं जवळून पाहिलंय. असे करार सरकारने करूच नयेत.

कातळशिल्प: काका, दाभोळचा वेगळा धागा काढा ना.

ऊर्जामित्र: १९९४ मध्ये लिस्बनला ट्रीटीबरोबर ऊर्जा कार्यक्षमतेचा प्रोटोकॉलही झाला होता. विषय तोच घ्या, त्यावर कोणी बोलत नाही.

आम्स्टेलकाठ: विषय बदलायला वेळ नाही हो. देश नेदरलँड्स, कंपनी जर्मन, कोळशाची वीज.

तर्कट: हे आधी सांगायचं! म्हणजे आरडब्ल्यूई. २०३० पासून कोळसा बंद करणाऱ्या कायद्यावरून २०२१ मध्ये १४० कोटी युरोंचा दावा, २०२३ मध्ये मागे घेतला. तेव्हा नेदरलँड्स ट्रीटीतच होता. तुमच्या प्रश्नाला हे उदाहरण लागूच नाही, इटली घ्या.

सौदामिनी: इथे सहमत. पण रद्द झाल्याचं लिहा.

आम्स्टेलकाठ: घेते. आणि कंपनी जपानी असती तर कोमस्ट्रॉय आड आला असता?

सौदामिनी: नाही. तो युनियनच्या आतल्या वादांपुरता. जपान अजून ट्रीटीत आहे, तेव्हा जुन्या गुंतवणुकीवर २० वर्षं धरा.