मदत हवी आहे: मुलगा झिपरा कुत्रा होतो त्या जुन्या सिनेमाचा शेवट काय?

मंडळी, एका इंग्रजी सिनेमावरून आमच्या घरात दोन दिवस महाभारत चालू आहे, कोणीतरी सोडवा प्लीज.

८७-८८ सालची गोष्ट. मस्कतच्या मामाने व्हीसीआर आणला होता आणि सोबत चार कॅसेटी, त्यातल्या एकीत एक मुलगा कुत्रा होतो. डोळ्यांवर झिपऱ्या आलेला भलाथोरला कुत्रा, पायजमा घालून आरशासमोर दात घासतो. आम्हाला रोज अर्धाच तास बघायची परवानगी, त्यात तो दात घासायचा सीन चारचारदा रिवाइंड, त्यामुळे सिनेमा पुढे सरकायचाच नाही. मग शेजारच्या काकांनी एका दिवसासाठी म्हणून कॅसेट नेली आणि परत आली तेव्हा तिच्यावर कुणाच्या तरी मुंजीचं शूटिंग!! मातृभोजन वगैरे सगळं व्यवस्थित, कुत्रा गायब. तो मुलगा परत माणूस कसा झाला ते मला आजतागायत माहीत नाही.

आता लेक सात वर्षांची आहे, तिला दाखवावा म्हणून शोधलं तर नाव सापडलं, डिस्नेचा 'द शॅगी डॉग', १९५९. मला आठवतंय की ब्लॅक अँड व्हाइट होता, म्युझियममधली अंगठी त्या मुलाच्या पँटच्या दुमडीत पडून घरी येते, तिच्यावरचं लॅटिन वाचलं की झाला कुत्रा. बाप रिटायर्ड पोस्टमन, त्यामुळे कुत्रा म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात. धाकटा भाऊ मात्र जाम खूश, इतके दिवस कुत्रा मागत होता, मिळाला.

दादा म्हणतो, काहीतरीच काय, सिनेमा रंगीत होता, हिरो पोरगा नव्हता, चांगला लग्न झालेला वकील, निवडणुकीला उभा राहिलेला, आणि कोंडवाड्यातले कुत्रे आपसात गप्पा मारतात. पैज लागली आहे, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ. तर खरं कोण, शेवट काय (बिनधास्त सांगा, चाळीसेक वर्षं थांबलेय), आणि लेकीला आधी कुठला दाखवू?

प्रतिसाद:

ताई, मिसळ दोघांनी मिळून द्या, दोघंही बरोबर आहात. तुमचा १९५९चा, टॉमी कर्क मुलगा आणि फ्रेड मॅकमरे बाप. दादांचा म्हणजे त्याचाच पुढचा भाग, 'द शॅगी डी.ए.' (डी.ए. म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, तिकडचा निवडून येणारा सरकारी वकील), १९७६, त्यात तोच मुलगा मोठा होऊन वकील झालाय (डीन जोन्स), अंगठी चोरीला जाते आणि भलताच कोणी ते लॅटिन वाचतो की हा भर कार्यक्रमात कुत्रा. एकमेकांच्या तोंडावर पाय (pie, फळं भरलेला गोड पदार्थ) फेकायची मारामारी त्यातलीच. २००६मध्ये टिम ॲलनला घेऊन परत काढला, तो मला तरी जमलेला वाटला नाही. पहिला मूळचा ब्लॅक अँड व्हाइटच, नंतर रंगवून पण काढला, पण रंगवलेल्यात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते.

शेवट ऐका. शाप उतरायला काहीतरी शौर्याचं काम करावं लागतं. शेजारच्या मुलीचा दत्तक बाप हेर निघतो, तो तिला घेऊन बोटीतून पळत असतो, ती पाण्यात पडते आणि आपला कुत्रा पोहत जाऊन तिला ओढून काठावर आणतो. तेवढ्यात त्याचा मित्र येऊन सगळं श्रेय स्वतः घ्यायला बघतो, कुत्रा चिडून त्याच्यावर झेप घेतो आणि झोंबाझोंबीतच परत माणूस होतो. मुलगा ज्याचं रूप घ्यायचा तो त्या मुलीचा खरा कुत्रा तिथेच ओलाचिंब दिसतो, म्हणून मुलगी म्हणते मला कुत्र्यानेच वाचवलं. ह्या बिचाऱ्याला काही मिळत नाही, आणि तो खरा कुत्रा शेवटी त्या कुत्राद्वेष्ट्या पोस्टमनच्याच घरी राहायला येतो.

लेकीला पहिलाच दाखवा. सुरुवात जरा रेंगाळते, पण कुत्रा गाडी चालवतो आणि हवालदार ते बघतो तिथपर्यंत तिला धरून ठेवा, मग उठणार नाही.

धागाकर्ती:

धन्यवाद!! दादाला वाचून दाखवलं तर म्हणे मग मी तो दुसरा पाहिला कुठे? हॉस्टेलला असताना मित्राकडे, असं आत्ता आठवतंय म्हणे त्याला. काल रात्री पहिला अर्धा बघितला. लेकीने दात घासायचा सीन तीनदा मागे न्यायला लावला आणि झोपेची वेळ झाली. शेवट अजून राहिलाच आहे.