लिंक्ड लिस्ट के-के नोडच्या गटांत उलटवताना प्रोग्राम लटकतो

राजवाडा_कोडर (इंदूर):
लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवरचा २५ वा प्रश्न. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडची साखळी, प्रत्येक नोड 'नेक्स्ट'मध्ये पुढच्या नोडचा पत्ता धरतो. के ही दिलेली संख्या; के नोडचा एकेक गट उलटवायचा, शेवटी के पेक्षा कमी उरले तर ते तसेच ठेवायचे. १→२→३→४→५ आणि के = २ दिलं तर २→१→४→३→५ यायला हवं. माझ्याकडे टाइम लिमिट एक्सीडेड (वेळेची मर्यादा ओलांडली). पण नुसती १→२ दिली तर उत्तर बरोबर! पाच नोड आणि के = ५ ठेवलं तरी बरोबर. पहिल्या गटानंतर लिस्ट छापली तर २ १ ३ २ १ ३… थांबतच नाही. डमी नोड (लिस्टच्या आधी जोडलेला नकली नोड) घेतलाय. ग्रुपप्रीव्ह म्हणजे गटाच्या आधीचा नोड, ग्रुपनेक्स्ट गटानंतरचा, केथ गटातला शेवटचा; नल म्हणजे पुढे काहीच नाही. आतलं लूप:

प्रीव्ह = ग्रुपनेक्स्ट
करंट = ग्रुपप्रीव्ह.नेक्स्ट
करंट नल होईपर्यंत:
    पुढचा = करंट.नेक्स्ट
    करंट.नेक्स्ट = प्रीव्ह
    प्रीव्ह = करंट
    करंट = पुढचा

भंवरकुव्याच्या क्लासात परवा टेस्ट आहे, म्हणून घाई.

पॉइंटर_काका:
तुमच्या दोन बरोबर आलेल्या केसमध्येच उत्तर आहे. तिथे गटानंतर काहीच नाही, म्हणजे ग्रुपनेक्स्टच नल. म्हणून 'नल होईपर्यंत' चालून गेलं. पाच नोडमध्ये लूप गटाच्या सीमेवर थांबत नाही, ३ वरही जातं. तोवर १ चा नेक्स्ट ३ झालेला, २ चा १. आता ३ चा नेक्स्ट २ होतो. झालं वर्तुळ. पुढच्या फेरीत करंटला नल कधी सापडणारच नाही.

अट बदला: 'करंट हा ग्रुपनेक्स्ट होईपर्यंत'. बाकी लूप ठीक आहे. प्रीव्हची सुरुवात नलऐवजी ग्रुपनेक्स्टने केलीत हे उत्तम, गटाची शेपूट आपोआप पुढे जोडली जाते.

राजवाडा_कोडर:
चाललं भिया! पण आता २ १ ४ ३ ५ ऐवजी २ ३ ४ ५ १ येतंय. लूपनंतर 'ग्रुपप्रीव्ह.नेक्स्ट = केथ', मग 'ग्रुपप्रीव्ह = केथ' लिहिलंय.

नल_चेक_ताई (बडोदे):
उलटवल्यावर केथ हा गटाचं डोकं होतो, शेपूट नव्हे. ग्रुपप्रीव्ह शेपटीवर, म्हणजे गटाच्या जुन्या पहिल्या नोडवर न्यायचा. इथे तो २ वर राहिला, म्हणून दुसऱ्या फेरीत १ आणि ३ चा गट धरला गेला आणि १ दर फेरीत एकेक जागा मागे सरकत शेवटी गेला. क्रम असा:

जुनापहिला = ग्रुपप्रीव्ह.नेक्स्ट
ग्रुपप्रीव्ह.नेक्स्ट = केथ
ग्रुपप्रीव्ह = जुनापहिला

पहिली ओळ खाली गेली तर जुना पहिला नोड हातातून जातो. केथ शोधताना ग्रुपप्रीव्हपासून निघालात तर के पावलं, गटाच्या पहिल्या नोडपासून निघालात तर के − १. मध्येच नल लागला तर काहीही न उलटवता बाहेर.

पॉइंटर_काका:
रिकर्शनच्या (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याच्या) मोहात पडू नका. ५००० नोड, के = २ म्हणजे २५०० कॉल एकावर एक; पायथनची मूळ मर्यादा १०००. या पद्धतीत प्रत्येक नोड दोनदा बघितला जातो, एकदा मोजताना आणि एकदा उलटवताना, जादा जागा स्थिर. रिकामी लिस्ट, के = १, सहा नोड के = ३, सात नोड के = ३ एवढं चालवून बघा. आणि परत करताना हेड (मूळ पहिला नोड) नाही, डमी.नेक्स्ट.