पॅनेल डेटावरचं 'रोलिंग रिग्रेशन': मराठीत काय म्हणावं?

रुईफुल:
अर्थशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहितेय. शेअर बाजारातल्या कंपन्यांचे मासिक परतावे घेऊन (त्याच त्या कंपन्या, महिन्यामागून महिने, म्हणजेच पॅनेल डेटा) स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रोलिंग रिग्रेशन चालवलंय. रिग्रेशन म्हणजे एक राशी दुसरीवर किती अवलंबून आहे ते समीकरणानं काढणं. रोलिंग म्हणजे मागच्या ६० महिन्यांवरून कंपनीचा बीटा (बाजार हलला की तिचा शेअर किती हलतो तो आकडा) काढायचा, एक महिना पुढे सरकायचं, पुन्हा काढायचा. मार्गदर्शक सर म्हणतात 'चल प्रतिगमन' लिहा. कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाहीये. जाणकारांनी मत द्यावं.

आकडेमोड:
खटकायलाच हवं. 'चल सरासरी' (मूव्हिंग ॲव्हरेज) रुळलीय हे खरं, पण संख्याशास्त्रात 'चल' म्हणजे व्हेरिएबल. त्याच परिच्छेदात तुम्ही 'स्वतंत्र चल' आणि 'अवलंबी चल' लिहिणार, मग 'चल प्रतिगमन' वाचून कोणालाही वाटेल की हे चलांचं प्रतिगमन आहे. 'सरकता' घ्या. आणि सरकतं काय तेही बघा. रिग्रेशन सरकत नाही, ते दर वेळी नव्यानं होतं. सरकतो तो कालखंड. त्याला इंग्रजीत 'विंडो' म्हणतात, पण तिची 'सरकती खिडकी' मात्र करू नका, फ्लॅटचं स्लायडिंग आठवतं.

कोरापाटी:
कालखंडाला +१. पण रिग्रेशनला 'प्रतिगमन' की 'समाश्रयण'? दोन्ही वाचनात येतात.

आकडेमोड:
'प्रतिगमन' म्हणजे मागे जाणं. तो मूळ शब्दाच्या इतिहासाशी इमान राखतो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवर लिहिलं तेव्हा त्याला दिसलं होतं की फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीकडे झुकतात. हे ते मागे येणं. आज बीटा काढताना कोण कुठे मागे जातंय? 'समाश्रयण'मध्ये आश्रय आहे, एक राशी दुसरीवर अवलंबून असणं. माझं मत समाश्रयणाला. उच्चारायला जड आहे, त्याला इलाज नाही.

रुईफुल:
मग 'पॅनेल डेटाचं सरकत्या कालखंडाचं समाश्रयण' चालेल?

आकडेमोड:
नाही, खरी गोची इथेच आहे. 'पॅनेलवर रोलिंग' याचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. 'एक्सटीसेट' या कमांडनं कंपनी आणि महिना सांगून 'रोलिंग' कमांड दिली की स्टाटा प्रत्येक कंपनीत स्वतंत्रपणे सरकतं. १२० महिने आणि ६०चा कालखंड असेल तर एका कंपनीची ६१ समाश्रयणं, ५०० कंपन्यांची ३०,५००. (म्हणूनच ती कमांड रांगते आणि लोक 'एएसरेग' या वेगवान कमांडकडे वळतात.) उलट 'रेंजस्टॅट' या दुसऱ्या कमांडला फक्त महिन्यांचा पल्ला दिला आणि कंपनीनिहाय गट करायला सांगितलं नाही, तर त्या ६० महिन्यांतल्या सगळ्या कंपन्या एकाच समीकरणात जातात. तिथे कंपनीचा स्वतःचा बीटा उरतच नाही, महिन्याला सगळ्यांचा मिळून एक गुणांक येतो. तुम्हाला पहिलं हवंय. तेव्हा 'कंपनीनिहाय' हा शब्द नावातच घाला, तळटीपेत नको.

कोरापाटी:
अवांतर: पॅनेल म्हटलं की आमच्याकडे साखर कारखान्याची निवडणूकच. आता कंपन्यांचंही पॅनेल!

आकडेमोड:
अगदीच अवांतर नाही. १९४०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना महिन्यामागून महिने गाठून प्रश्न विचारले. त्या गटाला ते पॅनेल म्हणत. तीच माणसं, पुन्हा पुन्हा. 'पॅनेल' तसंच ठेवा, मराठी करण्याच्या भानगडीत पडू नका.

रुईफुल:
हे पटलं. आणखी एक. '६० महिन्यांचा कालखंड' की '६० निरीक्षणांचा'? मी दोन्ही लिहून ठेवलंय.

आकडेमोड:
महिन्यांचा! 'रोलिंग' कॅलेंडर मोजतं, नोंदी नाही. एखाद्या कंपनीचा व्यवहार मध्ये दोन वर्षं बंद असेल तर ६० महिन्यांत ३६च नोंदी सापडतील आणि समाश्रयण मुकाट्यानं त्यांवर होईल. 'एएसरेग' वापरत असाल तर किमान नोंदींची अट घालता येते, आणि प्रत्येक बीटामागे किती नोंदी होत्या तो रकानाही मिळतो. तो एकदा चढत्या क्रमानं लावून बघा, कुठे १२च नोंदींवर बीटा काढलाय ते लगेच दिसेल. अट घातलीत तर वाक्यात सांगा: 'प्रत्येक कंपनीसाठी ६० महिन्यांच्या सरकत्या कालखंडात, किमान २४ निरीक्षणे उपलब्ध असल्यास, समाश्रयण केले.'

आणि आलेखाखाली 'बीटा हळूहळू बदलतो' असं बेधडक लिहू नका. शेजारच्या दोन कालखंडांत ५९ महिने सामाईक आहेत, रेघ गुळगुळीत दिसणारच.

कोरापाटी:
आणि सुरुवात पक्की ठेवून शेवट पुढे नेला तर? त्यालाही सरकताच म्हणायचं?

आकडेमोड:
नाही, तो 'वाढता कालखंड'. स्टाटात त्याला 'रिकर्सिव्ह' हा पर्याय द्यावा लागतो. 'आवर्ती' वगैरे लिहू नका, आवर्ती ठेव आठवते.