तुर्कस्तान: आधी लोकशाही घसरली की लिरा?

हिशेबनीस
देश एकाच माणसाच्या मुठीत चाललाय आणि हातातला पैसाही विरघळतोय, ही तुर्की मध्यमवर्गाची धास्ती. माझ्या मते या दोन धास्त्या नाहीतच, एकच आहे. २०१७च्या सार्वमतात (होकार ५१.४ टक्के) पंतप्रधानपद रद्द झालं. २०१८मध्ये मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर नेमणं-काढणं थेट अध्यक्षांकडे गेलं. मार्च २०२१ला गव्हर्नर नाजी आग्बाल यांनी व्याजदर २ टक्क्यांनी वाढवून १९वर नेला. दोन दिवसांत साहेब घरी. व्याज वाढलं की महागाई वाढते हा अध्यक्ष एर्दोआन यांचा लाडका सिद्धांत, त्यामुळे डिसेंबरपर्यंत दर १४वर आला. त्याच महिन्यात अधिकृत महागाई ३६ टक्के. वर्षापूर्वी १०० लिरांत येणारं सामान १३६ला, आणि दर १४. अशा वेळी लिरा कोण ठेवणार? लोकांनी डॉलर आणि सोनं घेतलं, लिरा आणखी पडला, आयात इंधन आणखी महागलं.

तिखटजाळ
चित्र अर्धंच दाखवताय. २०२१ला अर्थव्यवस्था ११ टक्क्यांच्या आसपास वाढली, सरकारी कर्ज २०२३ला जीडीपीच्या ३० टक्क्यांच्या आसपास होतं, एक हप्ता चुकला नाही. याला कोसळणं म्हणत नाहीत. जून २०२३ला मेहमेत शिमशेक परत अर्थमंत्री झाले आणि साडेआठवरचा दर मार्च २०२४पर्यंत ५०वर गेला. त्याच महिन्यात स्थानिक निवडणुकीत विरोधकांनी इस्तंबूल, अंकारा दोन्ही राखलं. कुठला हुकूमशहा राजधानी हरतो हो?

पागडीवाला
जीडीपी सोडा, भाडेकरूचं बघा. जून २०२२ला घरभाडेवाढीवर २५ टक्क्यांची मर्यादा आली. ऑक्टोबरात महागाई ८५ टक्के! मर्यादा जुलै २०२४ला उठली, पण तोवर चालू भाडेकरूला वर्षाला २५च्या वर वाढ नव्हती आणि नव्या भाडेकरूला वाटेल तो आकडा. म्हणजे मालकाचा फायदा जुन्याला हाकलण्यात. मग दोन वाटा: ‘घर मला किंवा मुलाला राहायला हवंय’ म्हणून दावा, नाहीतर घर सोडण्याच्या हमीपत्रावर करारावेळीच सही घ्यायची आणि तारखेची जागा कोरी ठेवायची. हमीपत्र घराचा ताबा दिल्यानंतरचं असलं तरच कायद्यात टिकतं, म्हणून तारीख मागाहून मालक भरतो. कोर्टं इतकी तुंबली की सप्टेंबर २०२३पासून दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची केली. भाडं गोठवलं की काय होतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

तिखटजाळ
मुंबईचं तुम्हीच काढलंत. भाडे नियंत्रण लोकशाहीतही येतं की! तो धोरणाचा गाढवपणा झाला, त्याला एकाधिकारशाहीचं लेबल कशाला?

हिशेबनीस
गाढवपणा कुठेही होतो. थांबवणारं कोणी उरलंय का, हा प्रश्न आहे. डिसेंबर २०२१ची संरक्षित ठेव योजना घ्या. लिरात मुदतठेव ठेवा, लिरा व्याजापेक्षा जास्त घसरला तर फरक सरकार भरणार. म्हणजे ज्याच्याकडे ठेवायला पैसे आहेत त्याचा विमा सगळ्यांच्या खिशातून. ऑगस्ट २०२३ला ठेवी ३ लाख कोटी लिरांच्या वर गेल्या. मध्यवर्ती बँकेचा त्या वर्षीचा तोटा ८१८ अब्ज लिरा, मुख्यतः यापायी. जानेवारी २०२२ला सांख्यिकी संस्थेचा प्रमुखही बदलला. दर ५०वर नेला म्हणता, पण ज्याने नेऊ दिला तो उद्या उतरवूही शकतो. शिमशेक अध्यक्षांच्या मर्जीवर आहेत, नियमावर नाही.

आणि मार्च २०२५? १८ला इस्तंबूलचे तेव्हाचे विरोधी पक्षाचे महापौर इमामोग्लू यांची पदवी विद्यापीठाने रद्द केली (अध्यक्षपदाला उच्च शिक्षणाची अट आहे), १९ला अटक. त्याच दिवशी डॉलर ४२ लिरांना शिवून आला. बँकेने परकीय गंगाजळी ओतली, एप्रिलमध्ये साडेबेचाळीसचा दर ४६वर नेला. एका अटकेचं व्याज कारखानदाराच्या कर्जात लागलं.

तिखटजाळ
अटकेचं समर्थन करणार नाही. पण त्याच आठवड्यात त्यांच्या पक्षाने अध्यक्षपदाच्या उमेदवारीचं मतदान बिगरसदस्यांनाही खुलं केलं आणि पक्षाच्या हिशेबाने दीड कोटीच्या घरात लोक पेट्यांपर्यंत आले. समाज मेलेला नाही.

पागडीवाला
समाज जिवंत आहे, मान्य. नजर मात्र ३६० या आकड्यावर ठेवा. एर्दोआन यांना पुन्हा उभं राहता येत नाही; अपवाद एकच, दुसऱ्या कार्यकाळात संसदेने स्वतः मुदतपूर्व निवडणूक लावली तर. त्याला ६००पैकी ३६० मतं लागतात आणि सत्ताधारी आघाडीकडे तेवढी नाहीत. २०२८च्या ठरलेल्या निवडणुकीआधी कोणत्या छोट्या पक्षाशी अचानक गोडीगुलाबी सुरू होते, ते बघा.