कूलरसमोरची जागा : आपल्या माणसाकडे तुम्ही पहिल्यांदा काय मागितलं?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात नवतपा लागला होता, पारा ४५ च्या वर, रात्री अकरालाही नळाचं पाणी चटका देत होतं. आमच्या खिडकीतल्या कूलरचा झोत पलंगाच्या डाव्या बाजूला पडतो. डावीकडे नवरा झोपतो, उजवीकडे मी. लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा उन्हाळे मी त्या बाजूला घामात काढले आणि एकदाही म्हटलं नाही की जागा बदलू या.

त्या रात्री दोन वाजता मी खाली फरशीवर जाऊन पडले. त्याला जाग आली.

"खाली काहून झोपून राहिली?"

"काही नाही."

"काही नाही कसं? रडून राहिली ना तू!"

मग सगळंच निघालं. कूलर, सगळ्यांचं झाल्यावर एकटीने जेवणं, माझ्या माहेरी जायचं ठरलं की दरवेळी आधी त्याच्या सुट्ट्या बघणं. तो ऐकत राहिला. उठून लाईट लावला, पलंगाचं एक टोक मला धरायला लावलं आणि आम्ही पलंग फिरवला. दहा मिनिटांचं काम होतं. नंतर कूलरच्या टाकीत पाईप सोडून उभा असताना तो म्हणाला, "अकरा वर्षं तू मले सांगितलंच नाही. म्हणजे हा काही ऐकणार नाही, असं तू आधीच ठरवून ठेवलं होतं."

हे मला फार लागलं, कारण खरं होतं. मी ज्याला समजूतदारपणा म्हणत होते त्यात दोन गोष्टी दडलेल्या होत्या. माझी गरज सांगण्याइतकी मोठी नाही असं मला वाटत होतं, आणि ती ऐकण्याइतका तो चांगला नाही असंही वाटत होतं. स्वतःवर प्रेम करणं म्हणजे स्वतःचे लाड पुरवणं, इतकंच मी आजवर ऐकलं होतं. माझ्यासाठी त्याची सुरुवात त्या रात्री "मला गरम होतं" या तीन शब्दांनी झाली.

म्हणून हा धागा. आपल्या माणसाकडे तुम्ही स्वतःसाठी पहिल्यांदा काय मागितलं? मिळालं का? नसेल तर पुढे काय केलंत? नावं लिहू नका. राहता तो भाग आणि वय पुरे. दुसऱ्याला सल्ला देण्याआधी स्वतःचं घडलेलं लिहा.

महाल, किराणा दुकान, ५२

मी मागितलं नाही, माझ्याकडून काढून घेतलं गेलं. धंद्यात मोठी खोट आली होती आणि आठ महिने मी घरी काहीच बोललो नव्हतो. दुकान वाढवलं की घरी न जाता गांधीसागर तलावाच्या काठावर बसायचो. पुरुषाने घरच्यांना ताप द्यायचा नाही, हेच लहानपणापासून पाहिलेलं. वडील तसेच होते. छातीत दुखत होतं तेही त्यांनी आईला सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी बायको शोधत तिथे आली. शेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वो, घरी जाऊन चहा प्याचा, की इथंच रात्र काढाची?" मी तिथेच हुंदके देऊन रडलो, आजूबाजूला लोक असताना. घरी येऊन तिने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या पाठीवर कोणाचं किती देणं आहे ते एकेक करून माझ्याकडून लिहवून घेतलं. आकडा पाहून ती घाबरली, मला ते दिसलं. पण तिने एकदाही म्हटलं नाही की तुम्ही असं कसं केलं. फिटायला चार वर्षं लागली. ते कॅलेंडर अजून कपाटात आहे.

खापरी, मिहानमध्ये नोकरी, २७

तीन वर्षं एका मुलासोबत होते. सुरुवातीला तो दर तासाला विचारायचा, "कुठे आहेस?" मला बरं वाटायचं. कोणीतरी इतकी काळजी करतं, असं. नंतर लोकेशन पाठवायला लागायचं, मग मीटिंगमध्ये असताना फोटो. एकदा फुटाळा तलावावर बसलो असताना मी शांतपणे म्हटलं, "मला हे दर तासाचं नको आहे. संध्याकाळी एक फोन करू." भांडण झालं नाही. तो उठून गेला आणि सहा दिवस बोलला नाही. सातव्या दिवशी मीच माफी मागितली.

हे असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक अबोल्यानंतर माझी मागणी थोडी लहान व्हायची. शेवटी तर मी मागायचंच सोडलं. एका सकाळी खापरीहून मेट्रोत बसले, बर्डीला उतरायचं होतं, उतरलेच नाही. शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसून १४४१६ ला फोन केला. टेलिमानसची ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी मला एकच विचारलं, "हेच तुमच्या मैत्रिणीने सांगितलं असतं, तर तुम्ही तिला काय म्हटलं असतं?"

मी मैत्रिणीला माफी मागायला लावलं नसतं.

नातं संपवलं. लगेच हलकं वाटलं असं नाही, दोन महिने जेवण जात नव्हतं. पुढे वाचनात आलं की क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःविषयीच्या करुणेवर बराच अभ्यास केला आहे. चुकलेल्या मैत्रिणीशी आपण जसं बोलतो तसं स्वतःशी बोलणं, हे दुःख माझ्या एकटीचं नाही हे ओळखणं, आणि जे वाटतंय ते दाबायचं नाही की वाढवायचंही नाही, या तीन गोष्टी त्यात येतात. मला पहिली फार अवघड गेली. अजूनही जाते.

प्रतापनगर, गृहिणी, ६६

तुमचं सगळ्यांचं वाचलं. मला एक सांगावंसं वाटतं. मागणं प्रत्येकीला परवडत नव्हतं. आमच्या घरात चौदा माणसं होती. सासूबाईंसमोर "मला एकटीला थोडा वेळ हवा" म्हटलं असतं, तर महिनाभर बोलणी खाल्ली असती. मी दुसरी वाट काढली. दर चतुर्थीला टेकडीच्या गणपतीला पायी जाईन, असं व्रत घेतलं. व्रत म्हटल्यावर कोणी अडवत नाही. जाऊन-येऊन तीन तास मिळायचे. दर्शनाला दहा मिनिटं लागायची, बाकीचा वेळ मी नुसती बसायची. तो वेळ नसता तर मी त्या घरात टिकलीच नसती.

वीस वर्षांनी यांनी मला सांगितलं की सुरुवातीची दोन वर्षं ते माझ्या मागे यायचे. संशय म्हणून नाही. मी इतकी गप्प असायची की त्यांना काळजी वाटायची. लांबूनच बघायचे, मी परत निघाली की सायकलवरून दुसऱ्या रस्त्याने घरी पोचायचे. "मग जवळ का नाही आले?" मी विचारलं. म्हणाले, "तुला एकटंच बसायचं होतं, हे दिसत होतं ना."

एवढं कळलेला माणूस वीस वर्षं गप्प राहिला, याचा मला आनंदही झाला आणि रागही आला. तेव्हा सांगितलं असतं तर किती रात्री सोप्या गेल्या असत्या! म्हणून धागा काढणारीचं म्हणणं मला पटतं. बोलता येत असेल तर बोला. आता आम्ही दोघं जातो. मी आत बसते, ते बाहेर थांबतात. सवय.

इंदोरा, सरकारी नोकरी, ३४

आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. त्यात आधी नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. तिच्या एका नातेवाइकाने ती वाचली आणि ते तीस दिवस आम्हाला वर्षासारखे गेले. ती डगमगली नाही. त्याबद्दल मी तिचा आयुष्यभर ऋणी आहे.

अडचण नंतर आली. तिच्याकडच्या कार्यक्रमांत ती माझी ओळख फक्त पहिल्या नावाने करून द्यायची. आडनाव टाळायची. तिचे काका घरी येणार होते तेव्हा तिने समोरच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेला. "दोन दिवसांपुरताच," म्हणाली. मी काही बोललो नाही. तिने माझ्यासाठी इतकं सोडलं, आता मी कोणत्या तोंडाने आणखी काही मागू, असं वाटायचं.

त्या रात्री झोप आली नाही. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर त्या गर्दीत होते. त्यांनी ताठ मानेने जगायचं म्हणून जे घेतलं ते मी एका पाहुण्यासाठी आत ठेवून देत होतो. सकाळी चहा घेताना मी तिला म्हटलं, "तुझ्यावर माझं प्रेम आहे. पण मला अर्धा लपवून तू माझ्यासोबत राहू नको. माझं आडनाव सांग." तिचे हात थांबले. तिने फोटो परत जागेवर लावला, पण दिवसभर आमच्यात एक शब्द नव्हता. ती भीतीने वागत होती आणि तिला तिचीच लाज वाटत होती, हे मला नंतर कळलं.

दोन महिन्यांनी वर्ध्याला तिच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मांडवात एका आजींनी विचारलं, "हे कोण गं?" तिने माझा दंड धरला आणि माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जेवले का जावई?"

काकांचं येणं मात्र तेव्हापासून बंद आहे. तेही लिहायला हवं.

धंतोली, समुपदेशक, ४८

व्यवसायाने रोज हेच ऐकते, म्हणून थोडं लिहिते. अमेरिकेतल्या जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, वादाच्या विषयावर बोलायला लावून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. टिकणाऱ्या जोडप्यांतही वाद होतेच. फरक असा होता की वाद चालू असतानाही एका कडवट गोष्टीमागे साधारण पाच बऱ्या गोष्टी घडत होत्या. मान डोलावणं, हसणं, "हे तुझं बरोबर आहे" म्हणणं. नातं मोडण्याची सगळ्यात मोठी खूण निघाली ती तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, "तुला काय कळतं" असं म्हणणं. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांतही मी आधी आवाज किती चढला ते बघत नाही, कोण कोणाकडे खालच्या नजरेने बघतं ते बघते.

खापरीच्या मुलीला सांगते, तू स्वतःवर कमी प्रेम केलंस म्हणून ते तसं झालं नाही. हा दोष स्वतःवर घेऊ नको. आणि मागितल्यावर जिथे मार बसतो किंवा पैसे बंद होतात, त्या घरात हा प्रेमाचा प्रश्नच उरत नाही. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे "अजून समजावून बघ" असा सल्ला कोणी देऊ नये, हात जोडून सांगते.

मानेवाडा, शिक्षिका, ३९

मी मागितलं होतं की दोघं मिळून समुपदेशकाकडे जाऊ. तीनदा मागितलं. पहिल्यांदा "बघू", दुसऱ्यांदा "तुलाच गरज आहे, तू जा", तिसऱ्यांदा नुसता टीव्हीचा आवाज वाढला. त्या वाढलेल्या आवाजात मला उत्तर मिळालं.

संमतीने वेगळे झालो. त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की परिस्थिती पाहून कोर्टाला ही मुदत माफ करता येते. आम्ही मात्र पूर्ण थांबलो. त्याच काळात तान्हा पोळा आला. मुलीला घेऊन मी इतवारीत मारबत बघायला गेले, म्हणजे सगळी इडापीडा सोबत घेऊन जावी म्हणून मिरवणुकीने गावाबाहेर नेतात तो पुतळा. गर्दी ओरडत होती, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. मुलगी खांद्यावर होती, तिला वाटलं आई खेळते आहे, तीही ओरडायला लागली.

आता चार वर्षं झाली. एक जण आयुष्यात आहे. तिसऱ्याच भेटीत मी सांगून टाकलं, "सात ते आठ लेकीचा अभ्यास असतो, तेव्हा फोन घेणार नाही. आणि माझ्यावर चिडलास तर चिडलो म्हण, पण बोलणं बंद करू नको." तो थोडा विचार करून म्हणाला, "चालेल. मलापण एक आहे. रविवारी सकाळी मी आईकडे असतो, तिला विसरायला होतं. ती सकाळ माझ्याकडून कोणी घेऊ नये." पूर्वीची मी असते तर मला हा व्यवहार वाटला असता. आज ते ऐकून मी निवांत झाले. या माणसाला स्वतःचं काय हवं ते माहीत होतं, म्हणजे माझं ऐकून घ्यायलाही त्याच्याकडे जागा होती.

लग्नाची घाई नाही. मागच्या महिन्यात तो चिडला होता. तसं म्हणाला, आणि तरी संध्याकाळी फोन केला.

त्रिमूर्तीनगर, ४३

धागा जिने काढला तिचा मी नवरा. तिने वाचायला दिला, सगळा वाचला. पलंगाचं तिने लिहिलंच आहे. त्या रात्री मी मोठ्या तोंडाने बोललो की तू सांगितलंच नाही, पण खरं म्हणजे अकरा वर्षांत मी विचारलंही नव्हतं. हे तिने लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

आता मागतोच आहे तर एक मागतो. पोळ्या गरम पाहिजे म्हणून तू आम्हाला आधी वाढते आणि मागून एकटी जेवते. मले थंड पोळी चालते. पोट्ट्यांनाही चालते, मी विचारलं. आज सगळ्या पोळ्या आधी करून ठेव, अर्ध्या मी लाटतो. आठ वाजता चारही ताटं सोबत मांडू.